अर्धा फेरा

११ ऑगस्ट, शुक्रवार

स्क्योना, आमची जीप, सेल्फॉसच्या गॅरेजमधून परत आली. पहिल्या चावीला सुरू! चोक नाही, शिव्या नाहीत, काकाला हाक नाही. वाटेत एकदाही खोकली नाही. मोठ्या चढावर मी मुद्दाम गिअर बदलला नाही, तरी ओढत गेली.

मेकॅनिक व्हिग्गोने दोन्ही जुने कार्बोरेटर खोक्यात घालून मागे ठेवून दिलेत. त्यांच्या जागी आता एकच, मोठा, चकचकीत. “दोन म्हाताऱ्यांचं रोजचं भांडण मिटवलं बघ,” म्हणाला. “आता मध्यस्थ नको.”

मी हसले. पुलाच्या पुढे आल्यावर हसू कुठे गेलं कळलं नाही.

काका रेक्याविकला आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. सोमवारी येईल. गाडी मेंढी समितीची, ठराव समितीचा, चिटणीस मी. सगळं रीतसर. पण ही जीप वर्षभर उभी असते काकाच्या शेडमध्ये, आणि मला आठवतं तेव्हापासून तिच्या बॉनेटखाली त्याच्याशिवाय कोणाचा हात गेलेला नाही. स्क्योना हे नावही त्याचंच — पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांच्या घोडीला देतात ते.

गेल्या सप्टेंबरात मेंढ्या खाली आणायला डोंगरात गेलो, तेव्हा सगळ्यांचं जेवण पोटात घेऊन ही बया तीनदा बसली. घोडेस्वार मुक्कामाच्या झोपडीवर पोचले तरी चूल थंड. स्वयंपाकीण आल्डिस सगळ्यांदेखत म्हणाली, “हेर्दिस, ही गाय तुझ्या काकापेक्षा जास्त खोकते!” काका उतरला, वाऱ्यात बॉनेटखाली वाकला, गाडी नीट केली. नेहमीसारखी. तेव्हाच ठरवलं होतं मी — ऐंशीला टेकलेल्या माणसाला किती वर्षं असं वाकवायचं?

त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता, असं आज दिवसभर स्वतःला सांगते आहे. खोटं आहे. त्याचा नकार ऐकायचा नव्हता, म्हणून तो नसताना गाडी नेली.

१४ ऑगस्ट, सोमवार

काका आला. डोळ्याला पट्टी, नाकाला तपकीर. कॉफीच्या आधी शेडमध्ये गेला. मी मागोमाग.

बॉनेट उघडलं. बराच वेळ एका डोळ्याने पाहत राहिला.

“एकच?”

“एकच. अमेरिकन आहे. व्हिग्गो म्हणतो, बसवायचा आणि विसरून जायचं.”

“अस्सं.”

मग सवयीने खुंटीवरची रबरी नळी काढली. नळीचं एक टोक कानात, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोघांचा श्वास सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे — हे त्याचं काम मी लहानपणापासून बघत आले आहे. आज नळी त्या एकुलत्या एका तोंडाशी धरली. ऐकलं. दुसरं टोक कुठे न्यावं हे न कळल्यासारखा हात हवेत राहिला.

“शांत आहे,” म्हणाला. “छान आहे.”

नळी परत खुंटीला लावली नाही. घडी घालून खिशात ठेवली.

१५ ऑगस्ट

मला का सांगितलं नाहीस, असं त्याने अजून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट, मंगळवार

स्टेन्डोरच्या घरी समितीची बैठक. यंदाही डोंगरराजा तोच. डोंगरात असेपर्यंत त्याचा शब्द शेवटचा, आणि त्याच्या शब्दाची सुरुवात बैठकीपासूनच होते.

माणसं वाटून झाली. कोणत्या घरातून किती स्वार, कोण कुठल्या दरीत. शेवटी स्क्योना. चालवणार मी, मागे सामान आणि सामानात आल्डिस. राहिली माझ्या शेजारची जागा.

“हाल्मुंदुरकाका,” मी लिहिता लिहिता म्हणाले. दर वर्षी असंच लिहिते.

“कशाला?” स्टेन्डोर म्हणाला.

“म्हणजे?”

“तो यायचा मेकॅनिक म्हणून. आता मेकॅनिक लागणार नाही, हे तूच सांगितलंस. गेल्या महिन्यात, याच टेबलाशी. तिथे गॅसच्या टाक्या बसतील. मागे आल्डिसला पाय ठेवायला जागा नसते.”

“माझ्या पायांची काळजी तू करू नकोस,” आल्डिस म्हणाली. “म्हातारा येऊ दे की. टाक्या मी मांडीवर घेते.”

“आणि तो काय करणार? देखावा बघणार?”

कोणी हसलं नाही. कारण स्टेन्डोर चुकीचं बोलत नव्हता. काम नाही त्याने डोंगरात जायचं नाही, ही इथली सगळ्यात जुनी रीत. ज्याला चालवत नाही, घोड्यावर बसवत नाही, तो खाली मेंढवाड्यापाशी वाट बघतो. स्टेन्डोरने स्वतःच्या बापालाही असंच घरी बसवलं होतं. म्हातारा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, म्हणतात.

मी वाद घालायला हवा होता. काय म्हणून? माझा नवा कार्बोरेटर चांगला नाही म्हणून?

लिहिलं — गॅसच्या टाक्या.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सांगून आले. जायच्या आधी तीन वेळा वाक्य जुळवलं. ते बोलायची गरजच पडली नाही.

काकाने अंगणातल्या दोरीवर डोंगरातले कपडे उन्हाला टाकले होते. लोकरीचा जाड स्वेटर, गुडघ्यापर्यंतचे मोजे, जुनं तेलकट जॅकेट. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “टाक्या ठेवणार असतील तिथे.”

“काका, मी —”

“बरोबर आहे. खुब्याचा सांधा बदलून घेतल्यावर घोड्यावरून उतरवलं होतं, आता जिपेतून. क्रमाने चाललंय.” आणि हसला. “तुला भूगोलात शिकवायला बरं आहे, हिमनदी कशी मागे मागे सरकते ते.”

मग कपडे गोळा करायला लागला. मी मदतीला गेले तर म्हणाला, “राहू दे, अजून ओले आहेत.” ओले नव्हते.

२५ ऑगस्ट

मी त्याच्या गुडघ्यांचा विचार केला. कमरेचा केला. थंडीचा केला. तो तिथे वाऱ्यात वाकून काय करत होता याचा विचार केलाच नाही. सगळे घोडेस्वार त्याच्याभोवती उभे असायचे — “हाल्मुंदुर, जमतंय का?” — आणि हा नळीतून ऐकता ऐकता बोट वर करायचा. गप्प! आणि ती दांडगी माणसं गप्प बसायची.

ते मी काढून घेतलं. चकचकीत वस्तू बसवून.

२९ ऑगस्ट

स्टेन्डोरकडे गेले. एकटीच. म्हटलं, एका वर्षाचा अपवाद कर.

“हेर्दिस, तुझा काका मला आवडतो. पण उद्या ग्विमुंदची आई म्हणेल मीही बसते. परवा कोणी नातवंडं चढवील. वर बर्फ पडलं तर मी कोणाकोणाला उचलून आणू?”

“तो ओझं नाहीये.”

“काम नसेल तर आहे.” मग जरा मऊ झाला. “तूच त्याला काम शोधून दे ना. खरं काम. मी एका शब्दाने अडवणार नाही.”

३ सप्टेंबर, रविवार

काका चर्चला गेला होता. मी शेडमध्ये गेले.

कार्बोरेटरच्या पुढच्या बाजूला दोन स्क्रू आहेत, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे. व्हिग्गोने दाखवले होते — “यांना हात लावू नकोस.” डावा निवडला. अर्धा फेरा आत.

इंजिन सुरू केलं. उभ्या गाडीत लगेच लंगडायला लागलं. रेस दिली की ठीक, पाय उचलला की गचके, मग बंद. हुबेहूब जुनी स्क्योना!

आणि मला आनंद झाला. हे लिहून ठेवलंच पाहिजे — आधी आनंद झाला, लाज मागून आली.

काय केलं मी? सगळ्यांचं अन्न वाहणारी गाडी बिघडवली. वर्गात मुलांना कॉपीवरून बोलते. ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या मेंढीच्या कानावरची मालकाची खूण चुकीची वाचली नाही, त्याला खोट्या बिघाडावर राबवणार आहे. तो प्रामाणिकपणे वाकेल, कान लावील, शोधील. आणि मी शेजारी उभी राहून विचारीन, “जमतंय का?”

स्क्रू परत फिरवायला हात नेला होता. फाटकापाशी काकाची काठी वाजली. बॉनेट लावून टाकलं.

५ सप्टेंबर, मंगळवार

डोंगरात जायच्या आधीची चाचणी, काकाच्या अंगणात. स्टेन्डोर, आल्डिस, मी. स्क्योना फाटकापर्यंत गेली आणि बसली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बसली.

“बसवायचा आणि विसरून जायचं!” स्टेन्डोर माझीच नक्कल करत म्हणाला. “आपणच विसरलेलो दिसतोय काहीतरी.”

“बाई आता अमेरिकन खोकते,” आल्डिस म्हणाली.

व्हिग्गोला फोन केला. मेंढवाड्यातली वाटणी होईपर्यंत वेळ नाही म्हणाला, सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या त्याच्याकडे. काका उंबऱ्यात उभा होता. पट्टी निघाली आहे. कोणी बोलावलं नाही, आपणच आला. खिशातून नळी काढली. बोट वर केलं. आम्ही तिघंही गप्प!

ऐकलं. वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. नव्या डोळ्याने पहिल्यांदाच एवढं जवळून काही बघत होता बहुतेक. मग स्क्रू ड्रायव्हर लावला, थोडं इकडे, थोडं तिकडे. इंजिन जरासं बरं झालं. पुरतं नाही.

“इथे एवढंच,” म्हणाला. “बाकीचं वर गेल्याशिवाय कळायचं नाही. चढावर कशी बोलते ते ऐकावं लागेल.”

“कोणी ऐकायचं?” स्टेन्डोरने विचारलं.

“ज्याला ऐकू येतं त्याने.”

स्टेन्डोरने टोपी मागे सारली. “मग ये बाबा. टाक्या आल्डिसच्या मांडीवर.”

काकाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही.

९ सप्टेंबर

उद्या निघायचं. काका बुटांना चरबी लावत बसला होता, शीळ घालत. “तुझं अमेरिकन वाईट नाही गं,” म्हणाला. “लहान आहे अजून. सोबत लागते.”

इतका आनंदी माणूस आणि त्याखाली माझा अर्धा फेरा. सांगून टाकावं? सांगितलं तर जागा जाईल. आणि जागेहून वाईट — दयेने मिळाली होती हे कळेल. नाही सांगितलं तर मी रोज त्याच्याशेजारी बसून खोटं चालवत राहीन.

गप्प राहिले. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ठरवता येत नाही.

११ सप्टेंबर, दुसरी झोपडी

काल दोनदा बसली, आज एकदा. तिन्ही वेळा काका उतरला, नळी लावली, चालू केली. चेहरा असा की जणू त्यानेच नवी गाडी घेतली आहे. गाडीत तो आणि आल्डिस अखंड भांडतात.

“हाल्मुंदुर, तपकीर सूपात पडली तर तुलाच पाजीन.”

“तुझ्या सूपाला तेवढीच चव.”

“खाली उतरलास की मटणाला हात लावू देणार नाही!”

“मग मी गाडी चालू करणार नाही. बस इथेच, मेंढ्यांना वाढ.”

संध्याकाळी स्वार आले, चूल पेटलेली होती. गाणी झाली. काकाचा आवाज फाटका आहे पण दुसरा सूर तोच धरतो. गेल्या वर्षी हे माझ्या कानांना जाणवलंही नव्हतं.

हिशेब मांडून पाहिला मनात — तीन वेळा गाडी बंद, कोणाचं नुकसान नाही, एक माणूस सुखी. जमेल तेवढा चांगला मांडला. तरी झोप लागेल असं वाटत नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

करडी नदी फुगली होती. कालच्या उन्हाने वरचा बर्फ वितळून पाणी नेहमीपेक्षा वर. चाऱ्याचा ट्रक आधी पार झाला. मग आम्ही. पहिला गिअर, सावकाश, एकसारखी रेस — हे मला येतं, कितीदा केलं आहे. मधोमध पुढचं चाक दगडावर चढलं आणि पलीकडे आपटलं. माझा पाय रेसवरून उचलला गेला. क्षणभर. चांगली असती तर स्क्योना तेवढ्याने बंद पडली नसती.

पडली.

पाणी दारांतून आत. आल्डिस टाक्यांना मिठी मारून ओरडत होती. चावी मारली, मारली — काही नाही. गाडी हळूहळू कडेला सरकायला लागली, वाळूतून, मला कळत होतं. स्टेन्डोर घोडा घालून ट्रकचा दोर घेऊन आला. पण दोर अडकवायचा हुक बंपरखाली, पाण्यात.

मी दार उघडायला गेले. काका म्हणाला, “ब्रेकवरचा पाय काढशील तर सगळेच जाऊ!” आणि त्याच्या बाजूने उतरला.

कमरेपर्यंत त्या करड्या पाण्यात. बॉनेटला धरत पुढे गेला. वाकला. खांदे पाण्याखाली, मग फक्त टोपी. मी काचेतून टोपी बघत होते. दोनदा वर आला श्वास घ्यायला. तिसऱ्यांदा हात वर केला — अडकला!

पलीकडे काठावर उभा राहिला तेव्हा दात वाजत होते, बोलता येत नव्हतं, तरी हसत होता. स्टेन्डोरने आपला कोट काढून त्याला गुंडाळला. आल्डिस रडत रडत त्याला शिव्या देत होती.

मी गाडीतच बसले होते. पाय अजून ब्रेकवर.

१३ सप्टेंबर

पहाटेपासून ताप. श्वासाला शिट्टी. चाऱ्याच्या ट्रकमधून त्याला खाली पाठवलं, सोबत आल्डिस. मला जायचं होतं. स्टेन्डोर म्हणाला, “तू इथली गाडी सोडलीस तर चाळीस तोंडं उपाशी.” खरं होतं.

ते गेल्यावर बॉनेट उघडलं आणि डावा स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेतला. स्क्योना दिवसभर एकदाही खोकली नाही. एकदाही नाही!

१५ सप्टेंबर, शुक्रवार

मेंढवाडा. आपापल्या मेंढ्या ओळखून घरी न्यायला सगळा जिल्हा आलेला. मेंढ्या, कुत्री, भाकऱ्या, धुरावलेलं मटण, बाटल्या. दर वर्षी मला हाच दिवस सगळ्यात आवडतो.

आल्डिस सेल्फॉसच्या दवाखान्यातून परतली आहे. काकाच्या दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. डॉक्टर म्हणतात, वय बघता काही सांगता येत नाही, दोन-तीन दिवस जाऊ द्या.

स्टेन्डोर कुंपणावर चढला आणि ओरडून म्हणाला, “हाल्मुंदुर नसता तर यंदा आपण दगड खाल्ले असते! तो जिवंत आहे तोवर स्क्योनातली ती जागा त्याची. काम असो नसो. हा माझा शब्द.” सगळ्यांनी टोप्या उडवल्या.

जे मला बैठकीत मागायला हवं होतं, ते पाण्यात बुडवून मिळवलं मी.

आल्डिस जवळ आली. “तुझं तोंड का असं? अगं, चिवट आहे तो.”

“गाडी माझ्यामुळे बंद पडली.”

“दगडामुळे पडली. वेडी आहेस का?”

तिला पुढचं सांगणार होते. कोणीतरी तिला हाक मारली. मी थांबवलं नाही.

१६ सप्टेंबर

दवाखान्यात. काका झोपलेला, नाकाशी ऑक्सिजन. तपकिरीविना ते नाक ओळखूच येत नाही. बसून राहिले. हात धरावा वाटलं, धरला नाही. तो हक्क नाही, असं काहीतरी वाटलं. घरी येताना कळलं, हाही माझा सोवळेपणाच. हात धरायचा होता.

१७ सप्टेंबर, रविवार

ताप उतरतो आहे म्हणे. फोनवर नर्स म्हणाली, जेवणाला नावं ठेवली.

उद्या सांगणार. सगळं. दुःख होईल त्याला — इतका सरळ माणूस, पुतणीने फसवलं. त्याला कळलं तर ती जागा त्याला गोड लागेल का? पण तो मरता मरता वाचला, कशामुळे हे त्याला माहीत असायला हवं. सांगून माझं ओझं उतरेल आणि त्याच्यावर चढेल, हेही कळतं. तरी सांगणार. आधी स्टेन्डोरला की आधी काकाला? आधी काकाला.

१८ सप्टेंबर

उशीला टेकून बसला होता. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “काका, त्या डाव्या स्क्रूचं —”

“अर्धा फेरा फार होतो, हेर्दिस,” तो म्हणाला. “त्या दिवशी अंगणातच दिसलं मला. सरळ करायला हवा होता. नाही केला.” मग दाराकडे पाहिलं, नर्स नाही ना म्हणून. “मी पाव फेराच फिरवायचो, डोंगरात निघायच्या आधी. दर वर्षी.”